एका नावाचे दोन ग्रुप: काढायचा कोणता?

वाचकांचे प्रश्न : संगणक जाळे आणि सर्व्हर

या वेळच्या पत्रांमध्ये एकच तक्रार निरनिराळ्या रूपांत आली आहे. कार्यालयाच्या डिरेक्टरीत, म्हणजे खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीत, एकाच नावाचे दोन ग्रुप (एकत्र परवानगी देण्यासाठी केलेले खात्यांचे गट) तयार झाले, किंवा ग्रुपमधील माणसे गायब झाली, आणि आता हात कोठे लावावा हे कळत नाही. म्हणून या अंकात अन्य विषय बाजूला ठेवून त्याच पत्रांना उत्तरे दिली आहेत. आज्ञांची आणि खात्यांची नावे येथे देवनागरीत छापली असली, तरी संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतील.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे मुख्य कार्यालय सांगलीला असून रत्नागिरीच्या शाखेत दुसरा डोमेन कंट्रोलर, म्हणजे डिरेक्टरी सांभाळणारा सर्व्हर, आहे. गेल्या महिन्यात या दोघांमधील रेप्लिकेशन (नोंदींची देवाणघेवाण) बारा दिवस बंद पडले होते. ते सुरू झाल्यावर ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे विंडोजच्या डिरेक्टरीत, ‘अकाउंट्स-रीड’ या नावाचे दोन ग्रुप एकाच ओयूमध्ये (डिरेक्टरीतील कप्प्यात) दिसू लागले. एकाचे नाव नेहमीसारखे आहे. दुसऱ्याच्या नावाला एक चौकोनी खूण, सीएनएफ ही अक्षरे आणि लांबलचक आकडा चिकटला आहे. हा विचित्र नावाचा ग्रुप बिघाडातून आलेला कचरा समजून काढून टाकावा काय?
(संगणक विभागप्रमुख, सांगली)

उत्तर : तूर्त अजिबात काढू नये. आपण ज्याला कचरा म्हणता, तोच बहुधा आपला मूळ ग्रुप आहे.

असे का होते ते आधी पाहू. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर नवी नोंद करता येते. एकच मुख्य प्रत आणि बाकी सगळ्या नकला, अशी तिची रचना नाही. त्यामुळे सांगलीला एक ग्रुप तयार झाला आणि त्याची वार्ता रत्नागिरीला पोहोचली नाही, तर रत्नागिरीच्या अभियंत्याला तो ग्रुप दिसत नाही, आणि कोणी मागणी केली की तो त्याच नावाचा ग्रुप निर्धास्तपणे तयार करतो. त्याच्या कंट्रोलरच्या दृष्टीने ते नाव मोकळेच असते. पुढे वार्ता पोहोचते तेव्हा एकाच ओयूमध्ये एका नावाच्या दोन नोंदी समोरासमोर येतात. तसे असणे डिरेक्टरीच्या नियमात बसत नाही, म्हणून ती एकीचे नाव कायम ठेवते आणि दुसरीच्या नावाला एक नव्या ओळीचे चिन्ह, सीएनएफ ही अक्षरे, कोलन आणि त्या नोंदीचा स्वतःचा जीयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) जोडते. आपल्याला दिसलेला चौकोन म्हणजे ते नव्या ओळीचे चिन्ह होय. सीएनएफ हे ‘कॉन्फ्लिक्ट’ या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे.

नाव कोणाकडे राहील हे ठरवण्याचा नियम तीन पायऱ्यांचा आहे. प्रथम नावाच्या नोंदीचा आवृत्ती क्रमांक पाहिला जातो आणि मोठा क्रमांक जिंकतो. तो सारखा असेल तर बदलाची वेळ पाहिली जाते आणि नंतरची वेळ जिंकते. वेळही सेकंदापर्यंत सारखी निघाली, तर बदल ज्या कंट्रोलरवर झाला त्याच्या जीयूआयडीवरून निकाल लागतो. दोन्ही ग्रुप नव्याने तयार केलेले असतील आणि मधल्या काळात कोणी त्यांचे नाव बदललेले नसेल, तर दोघांचाही आवृत्ती क्रमांक १ असतो, आणि मग वेळेवरच सगळे ठरते. म्हणजे जो नंतर जन्मला तो नाव घेऊन जातो, आणि जो आधीपासून कामात होता त्याच्या कपाळी सीएनएफ येते. सांगलीचा ग्रुप आधीचा असेल तर तोच आज विद्रूप दिसत असणार. डिरेक्टरीने नावाचा निवाडा केला, पण कोणता ग्रुप वापरात आहे हे तिने पाहिलेले नाही. तिला ते कळण्याचा मार्गही नाही. (याच नियमामुळे, ज्या कंट्रोलरचे घड्याळ पुढे गेलेले असते तो अशा वादात फुकटचा जिंकतो, हेही ध्यानात असू द्यावे.)

आता मुख्य मुद्दा. फोल्डरवर परवानगी देताना आपण ग्रुपचे नाव निवडतो खरे, पण फोल्डरच्या परवानगीच्या यादीत नाव लिहिले जात नाही, तर त्या ग्रुपचा एसआयडी लिहिला जातो. एसआयडी म्हणजे ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा लांब क्रमांक. त्याचा मधला भाग संपूर्ण डोमेनसाठी एकच असतो आणि शेवटचा तुकडा, म्हणजे आरआयडी, प्रत्येक खात्यासाठी आणि ग्रुपसाठी वेगळा असतो. प्रत्येक कंट्रोलरला आरआयडींचा साठा ५०० च्या गठ्ठ्यांनी मिळत असल्यामुळे सांगली आणि रत्नागिरी यांनी एकाच नावाचे ग्रुप केले तरी त्यांचे क्रमांक वेगवेगळेच असतात. म्हणून हे दोन ग्रुप एकाच ग्रुपच्या दोन प्रती नव्हेत. ती एका नावाची दोन स्वतंत्र माणसे आहेत, आणि कुलपे ज्याच्या किल्लीने उघडतात तो पहिला माणूस आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या कार्यालयात मी असाच एक सीएनएफ ग्रुप शुक्रवारी संध्याकाळी निर्धास्तपणे डिलीट केला आणि घरी गेलो. सोमवारी सकाळी भांडार विभागातील कोणालाच दर-करारांचे फोल्डर उघडेना. त्या फोल्डरचा सिक्युरिटी टॅब उघडला, तर जेथे ग्रुपचे नाव दिसायला हवे तेथे ‘अकाउंट अननोन’ असे शब्द आणि कंसात तो एस-१-५-२१ चा क्रमांक उभा होता. नाव जिंकलेला ग्रुप शेजारी टवटवीत होता, पण त्याला त्या फोल्डरशी काही देणेघेणे नव्हते. त्याच नावाने पुन्हा ग्रुप तयार करूनही उपयोग नसतो, कारण नव्या ग्रुपला नवाच एसआयडी मिळतो.

तेव्हा आपण पुढील क्रमाने जावे. पहिल्यांदा दोन्ही ग्रुपची संपूर्ण माहिती एका फाइलमध्ये उतरवून ठेवा: जीयूआयडी, एसआयडी, तयार झाल्याची वेळ, सदस्यांची यादी, आणि हे ग्रुप स्वतः आणखी कोणत्या ग्रुपचे सदस्य आहेत ती यादी. पॉवरशेलमधील ‘गेट-एडीग्रुप’ ही आज्ञा सर्व गुणधर्मांसह चालवली की हे एका फटक्यात मिळते. ग्रुपचा उल्लेख मात्र नावाने न करता जीयूआयडीने करावा, कारण नावात नव्या ओळीचे चिन्ह असल्यामुळे नावाने केलेली आज्ञा अडखळते. मग दोन याद्या शेजारी ठेवून ताडून पाहा. बारा दिवसांत दोन्ही बाजूंनी माणसे भरली गेली असतील, तर काही नावे एकात असतील आणि काही दुसऱ्यात. डिरेक्टरी या याद्या आपणहून एकत्र करत नाही.

दुसरे काम शोधाचे आहे, आणि वेळ त्यालाच लागतो. दोन्ही एसआयडी हाताशी घेऊन ते कोठे कोठे लिहिलेले आहेत हे पाहावे लागेल. फाइल सर्व्हरवरील फोल्डरांची परवानगी ‘गेट-एसीएल’ने स्क्रिप्ट लावून तपासता येते. परंतु केवळ फोल्डर पाहून थांबू नये. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ग्रुपला लॉगिन दिलेले असेल तर तेथेही एसआयडीच साठवलेला असतो. ग्रुप पॉलिसी कोणाला लागू व्हावी याची गाळणी, ओयूवर सोपवलेले अधिकार, शाखेतील संगणकांचे स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुप, व्हीपीएन किंवा वायफाय प्रवेशाचे नियम, या सर्व जागा पाहाव्यात. आपल्या परिस्थितीत सांगलीचा एसआयडी पुष्कळ ठिकाणी आणि रत्नागिरीचा दोनचार ठिकाणी सापडेल, असा माझा अंदाज आहे.

तसे निघाले तर रत्नागिरीचा, म्हणजे आज सरळ नाव असलेला ग्रुप, आधी वेगळ्या नावाने ओळखला जाईल असे करावे. नावापुढे ‘जुळा’ लिहिले तरी चालेल. त्याचे विंडोज-२०००-पूर्व नावही, म्हणजे जुन्या प्रणालींसाठी ठेवलेले दुसरे नाव, बदलायला विसरू नका. हा बदल दोन्ही कंट्रोलरवर पोहोचल्याची खात्री झाल्यावर सीएनएफ ग्रुपला त्याचे मूळ नाव परत द्यावे. या क्रमाला महत्त्व आहे, कारण नाव मोकळे झाल्याशिवाय ते दुसऱ्याला देता येत नाही. सीएनएफ ग्रुपचे विंडोज-२०००-पूर्व नावही बहुधा डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे काहीतरी झालेले असेल, तेही दुरुस्त करावे. नाव बदलले तरी एसआयडी बदलत नाही, त्यामुळे फोल्डरांना या सगळ्या हालचालीची चाहूलही लागत नाही. त्यानंतर जुळ्यातील अधिकची माणसे मूळ ग्रुपमध्ये घालावीत.

दोन्ही एसआयडी अनेक ठिकाणी वापरले गेले असतील, तर घाईने परवानग्या पुन्हा लिहीत बसण्याऐवजी तात्पुरता उपाय म्हणून मूळ ग्रुपलाच जुळ्याचा सदस्य करावे. मग मूळ ग्रुपमधील माणसांना जुळ्याच्या परवानग्याही मिळतात, आणि परवानग्यांची साफसफाई सवडीने करता येते. येथे ग्रुपची व्याप्ती आड येऊ शकते. ग्लोबल ग्रुपमध्ये त्याच डोमेनमधील ग्लोबल ग्रुप घालता येतो, डोमेन लोकलमध्ये ग्लोबल घालता येतो, पण ग्लोबलमध्ये डोमेन लोकल घालता येत नाही. शिवाय ग्रुपमधील बदल माणसाने पुन्हा लॉगऑन केल्यावरच लागू होतो, कारण त्याच्या टोकनमध्ये (सर्व्हरला दाखवायच्या ओळखपत्रात) ग्रुपचे क्रमांक लॉगऑनच्या वेळी भरले जातात. दुपारी बदल करून तिसऱ्या मिनिटाला ‘अजून उघडत नाही’ असा फोन आला, तर आधी त्या माणसाला लॉगऑफ करायला सांगावे.

सगळे जागेवर आले की जुळा काढायचा, पण तोही थेट डिलीट करू नये. सिक्युरिटी प्रकारचा ग्रुप डिस्ट्रिब्युशन प्रकारचा (केवळ ईमेलच्या यादीसाठीचा) करता येतो, आणि तसा केला की त्याचा एसआयडी नव्या लॉगऑनच्या टोकनमध्ये येत नाही. परवानगीच्या दृष्टीने तो ग्रुप निजतो, पण त्याचा एसआयडी आणि सदस्य शाबूत राहतात. कोठे काही अडले, तर एका क्लिकने तो परत सिक्युरिटी प्रकारचा होतो. अशा अवस्थेत त्याला निदान एक महिनाअखेर तरी पार करू द्यावी. पतसंस्थेच्या बाबतीत तर मी ३१ मार्च पार होऊ देईन, कारण वर्षातून एकदाच चालणारा एखादा अहवाल नेमका त्या ग्रुपवर विसंबून असतो. त्यानंतर डिलीट करावे, तेही ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे रिसायकल बिन सुरू आहे याची खात्री करून. ही सोय विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून आहे, ती मुद्दाम सुरू करावी लागते, आणि एकदा सुरू केली की बंद करता येत नाही. तिच्यातून परत आणलेला ग्रुप सदस्यांसह आणि जुन्याच एसआयडीसह परत येतो. माझ्या त्या सोमवारी ही सोय सुरू असती, तर दुपारचे जेवण वेळेवर झाले असते.

राहता राहिले मूळ कारण. रेप्लिकेशन बारा दिवस बंद असल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही, ही ग्रुपच्या गोंधळापेक्षा मोठी गोष्ट आहे. रेप्लिकेशन तपासणाऱ्या ‘रेपॲडमिन’ची ‘रेप्लसमरी’ ही आज्ञा रोज सकाळी आपोआप चालून तिचा निकाल ईमेलने यावा, अशी व्यवस्था करा. दोन कंट्रोलरच्या घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा अधिक फरक पडला की कर्बेरॉस ही ओळख पटवणारी पद्धत त्यांना एकमेकांशी बोलू देत नाही, त्यामुळे घड्याळेही पाहा. आणि सर्व काही सुरळीत असतानाही दोन साइटमधील (दोन ठिकाणच्या कार्यालयांमधील) रेप्लिकेशन मुळात दर १८० मिनिटांनीच होते. ते कमीत कमी १५ मिनिटांवर आणता येते. म्हणजे सकाळी सांगलीला केलेला ग्रुप जेवणाच्या सुट्टीपर्यंत रत्नागिरीला न दिसणे हे बिघाडाचे लक्षण नाही. यासाठी नवे ग्रुप एकाच ठरलेल्या कंट्रोलरवर तयार करावेत आणि स्क्रिप्टमध्येही त्या कंट्रोलरचे नाव स्पष्ट लिहावे.

प्रश्न : आमच्याकडे सीएनएफ असलेले काही सापडत नाही, पण एका ग्रुपचे विंडोज-२०००-पूर्व नाव आपोआप बदलून डॉलरचे चिन्ह, ‘डुप्लिकेट’ हा शब्द आणि पुढे ४ए७ असे झाले आहे. त्यामुळे जुने हजेरीचे सॉफ्टवेअर त्या ग्रुपला ओळखत नाही.
(सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, नाशिक)

उत्तर : हे त्याच कुळातले दुसरे भावंड आहे. सीएनएफ तेव्हा लागते, जेव्हा दोन ग्रुप एकाच ओयूमध्ये एकाच नावाने येतात. वेगवेगळ्या ओयूमध्ये एकाच नावाचे ग्रुप असायला डिरेक्टरीची हरकत नसते. मात्र विंडोज-२०००-पूर्व नाव हे संपूर्ण डोमेनमध्ये एकमेव असावे लागते. आपल्याकडे दोन जणांनी दोन ओयूमध्ये, दोन कंट्रोलरवर, एकाच नावाचे ग्रुप केले असणार. ओयू निराळे असल्याने सीएनएफ लागले नाही, पण विंडोज-२०००-पूर्व नावावर तंटा झाला आणि सर्व्हरने एकाला तात्पुरते नाव दिले. त्यातील ४ए७ हा त्या ग्रुपचा आरआयडी षोडशमान पद्धतीने लिहिलेला आहे. दशमान पद्धतीत तो ११९१ होतो. एसआयडीचा शेवटचा तुकडा ११९१ असलेला ग्रुप शोधा, म्हणजे कोणाचे नाव गेले ते लगेच कळेल. त्याला योग्य नाव द्या, आणि ते नाव आज ज्याच्याकडे आहे त्याचे आधी बदला. वर सांगलीच्या उत्तरात सांगितलेली चौकशी येथेही करायचीच आहे. फरक एवढाच की आपले हजेरीचे सॉफ्टवेअर ग्रुपला नावाने शोधते, त्यामुळे आपल्या बाबतीत एसआयडीइतकेच नावालाही महत्त्व आहे.

प्रश्न : ग्रुप एकच आहे, पण मी त्यात सकाळी तीन जण घातले, माझ्या सहकाऱ्याने दुसऱ्या इमारतीतून दोन घातले, आणि संध्याकाळी पाहतो तर माझे तिघे नाहीत. आमचे डोमेन फार जुने आहे. असे होऊ शकते काय, की माझाच काही घोटाळा झाला?
(संगणक विभाग, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : होऊ शकत असे, आणि आपल्या डोमेनच्या वयावरून अजूनही होत असण्याची शक्यता आहे. विंडोज २००० च्या काळात ग्रुपच्या सदस्यांची यादी हा एकच अखंड गुणधर्म मानला जाई आणि संपूर्ण यादीच एका कंट्रोलरवरून दुसऱ्यावर जाई. आपली तिघांची भर असलेली यादी आणि सहकाऱ्याची दोघांची भर असलेली यादी समोरासमोर आल्या की एक संपूर्ण यादी जिंके आणि दुसरी संपूर्ण यादी हरे. ग्रुपमध्ये ५००० हून अधिक सदस्य घालू नयेत, असा सल्लाही त्याच रचनेमुळे दिला जात असे. विंडोज सर्व्हर २००३ पासून प्रत्येक सदस्याची नोंद स्वतंत्रपणे पाठवली जाऊ लागली. त्यासाठी फॉरेस्टची, म्हणजे संपूर्ण डिरेक्टरीची, कार्यपातळी २००३ किंवा त्यावरची असावी लागते. ती उंचावली की आपले तिघे आणि त्यांचे दोघे, असे पाचही जण टिकतात.

मात्र एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पातळी उंचावण्यापूर्वी जे सदस्य ग्रुपमध्ये होते, त्यांच्या नोंदी आपोआप नव्या पद्धतीच्या होत नाहीत. ‘रेपॲडमिन’ची ‘शोऑब्जमेटा’ ही आज्ञा त्या ग्रुपवर चालवून पाहा. सदस्यांच्या ओळींच्या सुरुवातीला काही ठिकाणी ‘प्रेझेंट’ आणि काही ठिकाणी ‘लेगसी’ असे लिहिलेले दिसेल. ‘प्रेझेंट’ म्हणजे नव्या पद्धतीची नोंद, ‘ॲबसेंट’ म्हणजे त्या पद्धतीने काढलेला सदस्य, आणि ‘लेगसी’ म्हणजे जुन्या काळची नोंद. लेगसी सदस्याला ग्रुपमधून काढून पुन्हा घातले की त्याची नोंद नव्या पद्धतीची होते. मोठा ग्रुप असेल तर हे काम थोड्याथोड्या जणांच्या तुकड्यांनी आणि कार्यालय बंद असताना करावे. याच आज्ञेच्या निकालात प्रत्येक नोंद कोणत्या कंट्रोलरवर आणि किती वाजता झाली हेही दिसते. तेव्हा घोटाळा आपला की पद्धतीचा, याचा निकाल सहकाऱ्याशी वाद न घालता लागेल.

प्रश्न : आमचा एक ग्रुप त्याच्या ओयूमधून नाहीसा झाला आणि ‘लॉस्टअँडफाउंड’ नावाच्या जागी सापडला. हे काय प्रकरण आहे?
(वाचक, सोलापूर)

उत्तर : एका कंट्रोलरवर कोणी त्या ओयूमध्ये ग्रुप तयार करत होते किंवा हलवत होते, आणि त्याच सुमारास दुसऱ्या कंट्रोलरवर कोणी तो ओयूच काढून टाकला. रेप्लिकेशननंतर ग्रुपला घरच उरले नाही, म्हणून डिरेक्टरीने त्याला हरवल्या-सापडल्याच्या खोलीत नेऊन ठेवले. ग्रुपला काहीही झालेले नाही. त्याच्या ‘लास्टनोनपेरेंट’ या गुणधर्मात पूर्वीचे घर लिहिलेले असते. ते वाचून योग्य ओयूमध्ये हलवावा आणि मुख्य ओयूंवर अपघाती डिलीटपासून संरक्षणाची खूण करून ठेवावी.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात विंडोज नाही, लिनक्स आणि फ्रीआयपीए या त्याच्या डिरेक्टरी-प्रणालीचे दोन सर्व्हर आहेत. एका प्रयोगशाळेचा ग्रुप दोन्हीवर तयार झाला. विंडोजचे नियम येथे लागू आहेत काय?
(प्रयोगशाळा साहाय्यक, पणजी)

उत्तर : आजार तोच, पण नियम उलटा आहे, आणि विंडोजमधून लिनक्सकडे आलेले लोक येथेच हमखास चुकतात. फ्रीआयपीएच्या पोटात ३८९ डिरेक्टरी सर्व्हर असतो. त्यात दोन ठिकाणी एकच नाव तयार झाले, तर आधी तयार झालेली नोंद नाव राखते आणि नंतर आलेल्या नोंदीच्या नावाला ‘एनएसयुनिकआयडी’ जोडला जातो. शिवाय त्या नोंदीवर ‘एनएसडीएस५रेप्लकॉन्फ्लिक्ट’ या गुणधर्माची खूण असते, आणि तिच्यावरूनच अशा नोंदी शोधाव्यात. नव्या आवृत्त्यांत या नोंदी साध्या शोधात दिसत नाहीत, त्यामुळे ‘आमच्याकडे काही नाही’ असे समजून गाफील राहू नये.

दुरुस्तीसाठी ‘डीएसकॉन्फ’ या आज्ञेत ‘रेप्ल-कॉन्फ्लिक्ट’ असा स्वतंत्र भाग आहे, आणि माझ्या मते या बाबतीत विंडोजपेक्षा येथील सोय अधिक समजूतदार आहे. ती अशा नोंदींची यादी देते आणि दोन नोंदींची तुलना करून दाखवते. मग हरलेली नोंद ‘डिलीट’ करता येते, ‘स्वॅप’ने तिला मूळ नोंदीच्या जागी बसवता येते, किंवा ‘कन्व्हर्ट’ने तिला नवे नाव देऊन स्वतंत्र ग्रुप करता येते. निर्णय घेण्यापूर्वी दोन्ही ग्रुपचे जीआयडी, म्हणजे ग्रुपचे क्रमांक, मात्र पाहा. लिनक्समध्ये फाइलीवर ग्रुपचे नाव नसून तो क्रमांक असतो, आणि प्रत्येक सर्व्हर आपापल्या मालिकेतून क्रमांक देत असल्यामुळे दोन ग्रुपचे क्रमांक भिन्न असणार. एखाद्या विद्यार्थ्याच्या फोल्डरावर ‘एलएस -एल’ केल्यावर ग्रुपच्या नावाऐवजी नुसता आकडा दिसला, तर तो ग्रुप काढला गेला आहे किंवा त्या यंत्राला तो दिसत नाही, असे समजावे.

प्रश्न : जुना आरआयडी मास्टर (कंट्रोलरांना आरआयडींचे गठ्ठे वाटणारा सर्व्हर) बंद पडला म्हणून आम्ही ती भूमिका दुसऱ्या सर्व्हरने बळाने घेतली. नंतर दुरुस्त झालेला जुना सर्व्हर पुन्हा जोडला. आता दोन ग्रुपचे एसआयडीच सारखे असल्याचा संदेश येतो.
(वाचक, नागपूर)

उत्तर : या अंकातील सर्वांत गंभीर पत्र हेच आहे. भूमिका बळाने घेतल्यानंतर जुना आरआयडी मास्टर जाळ्यात परत आणायचा नसतो, कारण मग दोघेही एकाच मालिकेतील क्रमांक वाटू लागतात. तो सर्व्हर आत्ताच जाळ्यातून काढा आणि नव्याने उभारल्याशिवाय जोडू नका. ‘एनटीडीएसयूटिल’ मध्ये सिक्युरिटी अकाउंट मॅनेजमेंट या भागात दुहेरी एसआयडी तपासण्याची आज्ञा आहे. आधी फक्त तपासणीच चालवा. त्याच भागातील साफसफाईची आज्ञा दुहेरी एसआयडी असलेल्या नोंदींची नावे बदलत नाही, तर त्या नोंदीच काढून टाकते, म्हणून ती चालवण्यापूर्वी संपूर्ण बॅकअप घ्या आणि काढले जाणारे ग्रुप कोणते हे कागदावर लिहून घ्या. ते ग्रुप नव्या एसआयडीने पुन्हा तयार करून त्यांच्या परवानग्या हाताने द्याव्या लागतील. सुटसुटीत उपाय याला नाही.

प्रश्न : आमचे ग्रुप स्थानिक डिरेक्टरीतून मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये जातात. एक ग्रुप तेथे पोहोचतच नाही. त्रुटीही दिसत नाही. दुसरीकडे क्लाउडमध्ये ‘सेल्स’ नावाचे दोन ग्रुप दिसतात. दोन्हींचे कारण एकच असेल काय?
(आयटी विभाग, ठाणे)

उत्तर : कारणे दोन आहेत. न पोहोचणाऱ्या ग्रुपच्या नावात सीएनएफ आहे का ते पाहा. स्थानिक नोंदी क्लाउडमध्ये पाठवणाऱ्या एंट्रा कनेक्ट या साधनाच्या मूळ नियमांतच अशी गाळणी आहे की नावात नव्या ओळीचे चिन्ह आणि सीएनएफ असलेली नोंद क्लाउडला पाठवायचीच नाही. हा नियमाने वगळलेला ग्रुप असल्यामुळे त्रुटी दिसत नाही. मायक्रोसॉफ्टच्या नियमांत अशा नोंदींना रेप्लिकेशनचे बळी म्हटले आहे. नाव अगदी नेमके आहे. स्थानिक डिरेक्टरीत त्याचे नाव दुरुस्त केले की पुढच्या फेरीत तो जाईल.

दोन ‘सेल्स’चे म्हणाल, तर एंट्रा आयडीत, म्हणजे २०२३ पर्यंत जिला ॲझ्युअर एडी म्हणत त्या सेवेत, ग्रुपचे दिसणारे नाव एकमेव असावे असा आग्रहच नाही. प्रत्येक ग्रुपची खरी ओळख त्याच्या ऑब्जेक्ट आयडीने होते. एक ग्रुप आपल्या डिरेक्टरीतून आलेला आणि दुसरा कोणीतरी थेट क्लाउडमध्ये केलेला असणार. ग्रुपच्या यादीत मूळ स्थान दाखवणारा रकाना उघडला की ते स्पष्ट होईल. क्लाउडमध्ये केलेल्या ग्रुपला कोणते ॲप्लिकेशन किंवा परवाना जोडला आहे ते पाहून मगच त्याचे नाव बदला. त्याला ईमेलचा पत्ता असेल आणि तोच पत्ता स्थानिक ग्रुपलाही दिलेला असेल, तर मात्र पत्त्यांचा तंटा होतो, आणि तो एंट्रा कनेक्टच्या त्रुटींच्या यादीत सापडतो. अशा वेळी एका ग्रुपचा पत्ता बदलल्यावाचून गत्यंतर नाही, आणि ग्राहक ज्या पत्त्यावर वर्षानुवर्षे पत्रे पाठवत आहेत तो पत्ता ज्या ग्रुपकडे आहे, त्याला हात लावू नये.